आत्याच्या नावाची रेकॉर्ड

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा घ्यायला जातो. बुलढाण्यात माझं कान तपासायचं छोटं सेंटर आहे. कोणाला किती ऐकू येतं ते मी ग्राफ काढून सांगतो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण घडलं ते असं.

मागच्या उन्हाळ्यात पप्पांसोबत डोणगावला गेलो होतो. जुन्या घराचे टिनपत्रे बदलायचे होते, म्हणून माळा रिकामा करत होतो. आजोबांचा लग्नात लाउडस्पीकर लावायचा धंदा होता. भोंगे कधीच भंगारात गेले. उरला होता एक प्लेअर आणि रेकॉर्डची लोखंडी पेटी. सगळी पाकिटं वापरून वापरून तेलकट झालेली, एकच कोरं – पाठवणीच्या गाण्याचं. त्यावर आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कमल'.

कमल म्हणजे माझी आत्या. तिनं दुसऱ्या जातीतल्या मास्तरांशी कोर्टात लग्न केलं आणि दुसरबीडला राहायला गेली. आजोबांचा नियम होता – मुलीची गाडी शिवेबाहेर जाईपर्यंत रेकॉर्ड वाजवायची, मध्ये उचलायची नाही. गावातल्या सगळ्या पोरींची पाठवणी त्यांनी अशी केली, फक्त स्वतःच्या पोरीच्या वेळी पेटी उघडली नाही. ते वारले तेव्हा आत्या अंगणातूनच परत गेली. बापाला आपण नकोशा झालो, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

आणि त्यांनी तर रेकॉर्ड आणून ठेवली होती! पप्पांनाही हे माहीत नव्हतं. ते पाकीट हातात घेऊन खालीच बसले.

दुपारचे साडेबारा झाले असतील. प्लेअर फिरत होता, म्हणून मी ती लावली. स्पीकर नव्हताच. पिनेला कान लावला तर डासासारखा बारीक आवाज, बस. शेजारी बसलेल्या पप्पांनाही तो ऐकू येत नव्हता. तापलेल्या पत्र्याखाली राहून रेकॉर्ड वाकली होती, एका जागी अटकली. मी बोटानं पिन पुढे सरकवली.

रेकॉर्ड संपली आणि पाच मिनिटांत माझा फोन वाजला. आत्याचा. तिच्या कानांची मशीन मीच बसवली आहे. ती काढली की तिला दारातला ट्रॅक्टरही ऐकू येत नाही.

"डोणगावात कोणाचं लग्न हाय का रे? आत्ता भोंगा वाजून राह्यला होता. मशीन तं मी काढून ठेवली होती, फोनसाठी आता लावली." मग म्हणाली, "मधात अटकला. मंग कोणी तरी बोटानं समोर केला. कोण हाय तिथं?"

दुसरबीड तिथून गाडीनं तासाभराच्या वर आहे. पप्पांनी फोन घेऊन पाकिटावरचं नाव सांगितलं.

ऐकू कमी आलं की उतारवयात कानात जुनी गाणी वाजतात, त्याला शास्त्र आहे. रात्रभर मी तेच घोकत होतो. पण नेमकी तीच वेळ... आणि ते अटकणं?

दुसऱ्या दिवशी आत्या एसटीनं आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं. मशीन काढून पदरात ठेवली, आमच्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "लाव."

लावली. त्याच जागी अटकली. मी मुद्दाम हात लावला नाही.

"समोर कर," ती पाठमोरीच म्हणाली.

मी बोटानं पिन पुढे सरकवली. रेकॉर्ड संपल्यावर तिनं डोळे पुसले आणि आजोबांच्या फोटोच्या पाया पडली. मला फार भरून आलं, खोटं कशाला सांगू. निघताना मी रेकॉर्ड तिच्या पिशवीत घालू लागलो, तर तिनं काढून परत दिली.

"राहू दे इथंच. लावजो कधीमधी. मले येते तिथं ऐकू."

नंतर तिचे कान मी पुन्हा तपासले. ग्राफ तसाच आहे, तसूभरही फरक नाही. कारण मला आजही सांगता येत नाही. डोणगावला गेलो की कोणाला न सांगता रेकॉर्ड लावतो. पाच मिनिटांत फोन येतो.