गुरुवारचा हप्ता

गुरुवारी आमच्या घरातून पैसा बाहेर जात नाही. दूधवाल्याला हे ठाऊक आहे, पेपरवाल्याला ठाऊक आहे, गणपतीची वर्गणी मागणाऱ्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त बँकेला, आणि तिच्या या अडाणीपणाचे पैसे तिनं आमच्याकडूनच वसूल केले. (वर जीएसटी.)

हा नेम माझ्या वडिलांचा. गुरुवारी घरातली लक्ष्मी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असं ते म्हणत. वडिलांनी माझ्यासाठी पुसदमध्ये घर ठेवलं नाही, कुठं वावर ठेवलं नाही. हा नेम तेवढा ठेवला, आणि तो मी जिवापाड जपला. त्यात भक्ती किती आणि सोय किती, ते विचारू नका. मी एसटीचा कंडक्टर. दिवसभर गाडीत लोक सुटे मागतात, घरी आलो की घरचे बंदे मागतात. घरी कोणी हात पसरला की मी आधी कॅलेंडर बघायचो. गुरुवार असला, तर "आज नाई बापा, शुक्रवारी या." बुधवारी संध्याकाळी कोणी आलं, तर "आता गुरुवार लागलाच समजा." एकदा माझ्या बायकोनं, मंदानं, साडीच्या सेलसाठी पैसे मागितले. सेलचा शेवटचा दिवस नेमका गुरुवार निघाला. मी हळहळ व्यक्त केली आणि पेपर वाचत बसलो.

असो. आमची श्वेता बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं, नागपूरला. यादीत नंबरही लागला. फी ऐकून मी घटाघटा पाणी प्यायलो आणि शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेत गेलो. तिथल्या मॅनेजर मॅडम तरुण होत्या, सांगलीकडच्या. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित आहे. तुमचं स्कूटीचं कर्ज आमच्याकडंच चालू आहे ना? त्याचे हप्ते वेळेवर असले म्हणजे झालं. एकही चुकवू नका."

"म्याडम," मी छाती काढून म्हटलं, "इतकी वर्षं नोकरी झाली, माझ्या हिशोबात रुपया कमी नाई आला."

स्कूटीच्या हप्त्यासाठी आम्ही नवरा-बायकोच्या नावानं वेगळं खातं काढलं होतं. माझी ड्युटी बहुतेक मुक्कामी. संध्याकाळी गाडी झरी जामणीकडे न्यायची, तिकडंच झोपायचं, सकाळी परत आणायची. म्हणून दर महिन्याला पगार झाला की मी हप्त्याचे पैसे मंदाच्या हातात द्यायचो आणि ती खात्यात भरून यायची. ठरल्या तारखेला बँक आपोआप कापून घ्यायची. आम्ही मोजून हप्त्याएवढेच भरायचो, वर एक नोट नाही. कंडक्टरला सुट्याची शिस्त असते.

त्या महिन्यात हप्त्याची तारीख पहिल्यांदाच गुरुवारी आली.

शुक्रवारी सकाळी मी परतीच्या गाडीत तिकिटं फाडत होतो आणि फोन वाजला. बँकेतून होता. गाडीचा खडखडाट एवढा, की मी स्पीकर लावला. "सर, आपकी इस महीने की किस्त बाउन्स हो गई है, चार्ज लगेगा," असं एका मुलीनं इतक्या स्वच्छ आवाजात सांगितलं, की ते मागच्या सीटपर्यंत पोचलं. मी म्हटलं, पैसे भरलेले आहेत, पुन्हा बघा. ती म्हणाली, बैलेंस नहीं था सर. ज्यांना मी रोज "तिकीट काढा, नाहीतर दंड पडन" म्हणून दरडावतो, ती सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. पुढच्या बाकावरची, कोंबडी घेऊन बसलेली म्हातारी फार मायेनं म्हणाली, "भरून टाक ना बापू. कायले लोकाइचे पैसे ठेवतं?"

घरी आल्या आल्या मी मंदाला धरलं. "पैसे भरले होते का?"

"हाव, भरले होते."

"पुरे?"

"एक रुपया कमी नाई. पावती हाये, दाखवू का?"

पावती होती. मग चूक बँकेचीच! मी जेवढं विचारलं तेवढंच मंदानं सांगितलं, आणि वरून बँकेला माझ्यापेक्षा चार शिव्या जास्त घातल्या. संसारात एवढं एकमत आमचं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं होतं.

मी तक्रारीचा नंबर फिरवला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, मी तीन दाबलं. पंधरा मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक बाई आल्या आणि हिंदीत बोलू लागल्या. त्यांनी माझी आईकडची, बापाकडची, जन्मतारखेची सगळी चौकशी केली आणि "आपकी समस्या समझ सकती हूँ" म्हणून फोन ठेवला. समजली होती, तर सोडवायची तरी.

पुढच्या सोमवारी बँकेनं पुन्हा हप्ता कापायचा प्रयत्न केला. आता खात्यात पैसे होते, पण पहिल्या दंडाचे त्यातून वळते झाले होते, म्हणून हप्त्याला कमी पडले. पुन्हा बाउन्स. पुन्हा दंड. म्हणजे दंड घेतला म्हणून पैसे कमी पडले, आणि पैसे कमी पडले म्हणून दंड घेतला! पॅसेंजरकडून दंड घ्यायचा, त्यामुळं त्याच्याजवळ तिकिटाला पैसे उरले नाहीत की पुन्हा दंड घ्यायचा, असं मी केलं असतं तर लोकांनी मला वणीच्या रस्त्यावर उतरवून गाडी पुढं नेली असती.

मी दात-ओठ खात मंदाच्या हातात जास्तीचे हजार ठेवले. "जाय, बँकेच्या तोंडावर मारून ये." तिनं मारले. पावती आणली. आता हप्त्याहून जास्त पैसे खात्यात. मी निवांत मुक्कामाला गेलो.

गुरुवारी बँकेनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा बाउन्स.

आता मात्र माझं डोकं चालेना. ड्युटीवर मी एका माणसाला पुसदऐवजी पांढरकवड्याचं तिकीट दिलं. त्याच आठवड्यात मॅडमचा निरोप आला: हप्त्यांचं असं असेल तर श्वेताची फाइल पुढं पाठवता येणार नाही. हप्ता आणि दंड भरून खातं साफ करा. येत्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत फाइल गेली नाही, तर कॉलेजची फी भरायची मुदत टळेल.

नागपूरसाठी श्वेतानं एक नवी बॅग आणून ठेवली होती. ती तिनं उचलली आणि पलंगाखाली सरकवली. त्यानंतर मला पोरीकडं पाहवेना. आयुष्यभर लोकांना त्यांच्या त्यांच्या गावाला पोचवलं, आणि पोटच्या पोरीला नागपूरला पोचवता येत नाही म्हणजे काय!

त्या गुरुवारी सुट्टी टाकून मी बँकेत गेलो. सोबत माझ्या गाडीचा ड्रायव्हर गजूभाऊ. हा साडेसहा फूट, बोलतो कमी, पण नुसता मागं उभा राहिला तरी समोरचा विचार करतो. मी पावत्या मॅडमच्या टेबलावर आपटल्या.

"हे पाहा. पैसे भरले होते का नाई? मग कायचा दंड? कायचा जीएसटी?"

मॅडमनी पावत्या बघितल्या. कॉम्प्युटर बघितला. पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"भरले होते, काका. पण काढलेही होते."

"कोनं?"

"दर बुधवारी कोणीतरी सगळे पैसे काढून नेतं. आणि शुक्रवारी परत आणून भरतं."

फ्रॉड! पेपरात रोज वाचतो, तेच आपल्या घरी. मी म्हटलं, "म्याडम, पोलीस बोलवा. चोर हाये."

मागून गजूभाऊ बोलला. "भाऊ, शुक्रवारी परत भरून राह्यला ना थो? असा चोर मले बी पायजे."

मॅडमनी पैसे काढायची स्लिप मागवली. खाली सही होती. टपोऱ्या अक्षरात. "मंदा." मागं ठिपका.

मी तिथूनच घरी फोन लावला. घाईत स्पीकरवर बोट पडलं, आणि सगळी बँक ऐकू लागली.

"मंदे, तू बुधवारी पैसे काढतं का वो बँकेतून?"

"हाव. दर बुधवारी."

"काहून?"

"काहून म्हंजे? गुरुवारी बँक हप्ता कापते ना. गुरुवारी लक्ष्मी बाहेर जाऊ द्याची नाई, हे तुमीच तर सांगता. मी काढून आनते, देव्हाऱ्यात ठेवते, शुक्रवारी नेऊन भरते."

"अवं, पन हप्ता चुकते ना मंग!"

"हप्ता कुठं पळून चालला? दूधवाला शुक्रवारी येते, पेपरवाला शुक्रवारी येते. बँकेले का पाय मोडले?"

काउंटरवर रांगेतला एक माणूस "बरोबर हाये वहिनीचं" म्हणाला. मी शेवटचा प्रयत्न केला.

"पन बँकेचे मेसेज येत असतीन ना तुह्या फोनवर?"

"येते ना. रोजच येते. तुमीच सांगतलं, बँकेच्या नावाचा मेसेज उघडाचा नाई, फ्रॉड राहते. मी न वाचता पुसून टाकते."

मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली होती. फाइल हलत होती. थोड्या वेळानं त्या फाइलीमागून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, बँकेची यात चूक नाही. एक दंड मी माझ्या अधिकारात माफ करते, बाकीचे भरावेच लागतील. पैसे आज आणा, चारच्या आत. मी लगेच फाइल पाठवते."

"आज?"

"आजच. उद्या उपयोग नाही."

पैसे कुठं होते? देव्हाऱ्यात. कारण वार कोणता? गुरुवार.

गजूभाऊनं मला त्याच्या मोटरसायकलवर घरी आणलं. मंदा देव्हाऱ्यासमोर गहू निवडत बसली होती. देवीच्या तसबिरीपुढं, हळदीकुंकू लावलेलं, रुमालात बांधलेलं गाठोडं. मी चप्पल काढली आणि हात पुढं केला.

"दे ते पैसे."

मंदानं वर बघितलं नाही. "आज नाई बापा. शुक्रवारी या."

आवाज माझा होता. शब्द माझे, थंडपणा माझा. ओठ तेवढे तिचे. मी म्हटलं, हे सगळं जुन्या लोकांचं खूळ असते, आपण शिकलेली माणसं. ती म्हणाली, साडीच्या वक्ती तर तुमी शिकले नव्हते. मी म्हटलं, चार वाजेपर्यंतच वेळ आहे. ती म्हणाली, सेलचाबी शेवटचाच दिवस होता. गजूभाऊ दारातून हळूच मागं सरकला आणि मोटरसायकल पुसायला लागला.

शेवटी मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. काय करू? "मंदे," मी म्हटलं, "आज पैसे नाही भरले, तर श्वेताचं नागपूर गेलं."

तिचा हात सुपातच थांबला. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी बँकेशी भांडत होतो, श्वेता गप्प होती, आणि मंदाला वाटत होतं, सगळा वाद दंडाच्या दोन-चार नोटांचा आहे. तिनं आत बघितलं. श्वेता दाराला टेकून उभी होती, डोळे लाल.

मंदा उठली. देवीला हात जोडले, गाठोडं उचललं आणि माझ्या हातात न देता श्वेताच्या हातात दिलं. "जाय माय. तुह्या पायानं गेली तर लक्ष्मी बाहेर गेली असं मी नाई म्हनत. आन हेल्मेट घाल."

श्वेता स्कूटीवर बसून गेली. ज्या स्कूटीचा हप्ता चुकला होता, तिच्यावरच. चारच्या आत हप्ता भरला, दंड भरला, मॅडमनी फाइल पाठवली. संध्याकाळी श्वेतानं पलंगाखालची बॅग बाहेर ओढली आणि तिच्यावरची धूळ माझ्याच टॉवेलनं पुसली. तो टॉवेलही बॅगेत टाक, असं मी म्हटलं.

पण पुसद हे पुसद आहे. बँकेत रांगेत उभ्या त्या माणसानं ही गोष्ट बाजारापर्यंत नेली, आणि गजूभाऊनं डेपोपर्यंत. पुढच्या गुरुवारी सकाळी बेल वाजली. दार उघडलं, तर बाहेर दूधवाला, त्याच्यामागं पेपरवाला, त्याच्यामागं वर्गणीची पोरं.

"काय आहे?"

"भाऊ, आयकलं का तुमच्या घरून आता गुरुवारीबी पैसे भेटते."

मी सवयीनं कॅलेंडरकडं वळलो. कॅलेंडर भिंतीवर नव्हतं. ते मंदाच्या हातात होतं. ती माझ्या मागंच उभी होती, पायात चप्पल, खांद्याला पिशवी, आणि सेलला निघाली होती.