काठीवरची पेज

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काही केलं असेल तर ती हंगेरीच्या बाईची शर्यत बघितली. दुपारची वेळ. बायको खाटेवर, मी खाली, मोबाईल पाटावर तांब्याला टेकवलेला.

ही बाई समुद्रात दहा दहा किलोमीटर पोहते. आमचा मुलगा सालवडला राहतो, बोईसरला कंपनीत आहे. त्यानं एकदा दाखवलं आणि म्हातारीला वेडच लागलं. लहानपणी ती स्वतः खाडी पोहून जायची. लग्न झालं, डोक्यावर मासळीची पाटी आली, पोहणं संपलं. मुलगा तिला बाईचं वाचून सांगायचा. हंगेरीला समुद्रच नाही. बाई तलावात शिकली. वर्षानुवर्षं चौथी येत राहिली. खांदा गेला, डॉक्टरनं कापला, परत पाण्यात उतरली. पदक एकदाच, तेही तिसऱ्या नंबरचं.

"समुद्र नाय नि समुद्रात पोवते," म्हातारी म्हणायची. "तुमी दर्यात जल्म काढला, एक पदक नाय."

"बोंबलाला पदक देत नाय कोनी."

त्या शर्यतीत पाणी काठीनं देतात. तराफ्यावर माणूस लांब काठी धरून उभा, टोकाला पेला. बाई पाठीवर वळते, पिते, पुढं जाते. काठीला लोंबकळायचं नाही.

म्हातारीच्या पोटात काही राहत नव्हतं. पालघरचा डॉक्टर म्हणाला, थोडी थोडी पेज जाऊ द्या, नाहीतर संपलं. पण माझ्या हातचा चमचा बघितला की ती तोंड फिरवायची. मग मी बोंबील वाळत घालतो त्या मांडवाचा एक बांबू काढला, टोकाला पेला बांधला आणि दारातून पुढं केला. हसली. पाठीवर वळली, प्याली. मग रोज तसंच. काठीशिवाय घोट घेईना.

त्या दुपारी बाईची शेवटची शर्यत होती. सगळ्यांच्या मागं पडलेली. शेवटच्या फेरीला काठी पुढं आली, तिनं बघितलंसुद्धा नाही.

"मूर्ख हाय," मी म्हणालो. "घसा सुकंल तिचा."

"अवो, किनारा दिसतोय तिला. आता कशाला पील?"

शर्यत संपली. मी आमची काठी पुढं केली. म्हातारी वळली नाही.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "हात दुखंल तुमचा."

मी बराच वेळ धरून उभा होतो. पेज गार झाली.

दिवेलागणीला गेली. रातीच नेली. लोक म्हणाले, सुटली. सुटली कसली, गेली.

आमच्यात मयत झालं की घरात चूल पेटवत नाहीत, शेजारचे आणून देतात. सकाळी मी उठलो आणि पेटवली. तांदूळ टाकले. शेजारीण चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली.

"काका, आज चूल नाय पेटवायची."

"ठाव हाय."

ती चहा ठेवून गेली. मी पेला सोडवला, बांबू मांडवाला परत बांधला. पेज झाली तशी पेल्यात ओतली आणि उभ्यानंच प्यालो. मीठ नव्हतं. तिला बंद होतं.