भोंगा आणि वीस पावलं

इस्त्रीवाले काका कमी बोलायचे. लहानपणापासून शब्द त्यांच्या ओठांशी येऊन अडायचा, आणि समोरचा जितका "बोल की पटकन" म्हणे, तितका तो रुतून बसे. म्हणून त्यांनी तोंडाचं काम नसलेला धंदा धरला होता. कोपऱ्यावरच्या त्यांच्या बारक्या दुकानात सकाळपासून वाफ भरलेली असे. गिऱ्हाईक आत आलं की आधी नुसतं धूसर दिसे, मग हळूहळू त्याला नाक-डोळे येत. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या अशा ठरलेल्या वाटेने काकांची इस्त्री फिरे आणि त्यांना अर्धवट झोपेतल्यासारखं सुख लागे. वरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. दोघांच्या वाटचं ताईच बोलायची.

कुत्रा आला तो एका गिऱ्हाइकामुळे. त्या गृहस्थाची परगावी बदली झाली होती. इस्त्रीचे तीन कोट तो घेऊन गेला आणि कुत्रा ठेवून गेला. "दोनच दिवस," म्हणाला. त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले.

तांबूस रंग, एक कान उभा, एक पडका. घरात असला की नुसता कापूस. पण रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला रे दिसला की हा दोर ताणून मागच्या दोन पायांवर उभा राही आणि असा भुंके की गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडत. लोकांनीच त्याचं नाव भोंगा पाडलं. मग एका दुपारी ताई त्याला फिरवायला घेऊन गेली, कुठल्याशा गाडीतून एक कुत्रा उतरला, भोंगा उसळला आणि ताई दोरासकट रस्त्यावर आडवी. मनगट मोडलं.

"या घरात एक तर तो राहील नाही तर मी," प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ताई म्हणाली. "आणि मी काही कुठे जात नाही. तेव्हा बघ काय ते."

काकांनी भोंग्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण ऐकून घेणाऱ्या. काकांचं वाक्य पुरं होईपर्यंत त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"काका, हा भांडखोर नाही, भित्रा आहे," त्या म्हणाल्या. "समोरचा जवळ येऊ नये म्हणून आधीच आरडाओरडा करून ठेवतो. तुम्ही एक करा. दुसरा कुत्रा दिसतोय, तरी याला तुमच्या हातातला तुकडा खाता येतोय, एवढं अंतर शोधा. तिथेच थांबा. त्याने तिकडे पाहिलं की लगेच तुकडा द्यायचा, भुंकायच्या आत. रागवायचं नाही, ओढायचं नाही."

"कि... किती दिवस?"

"ते तोच सांगेल."

घरी येताना काका भोंग्याच्या चालीने चालले होते. इतक्या वर्षांत आपल्यालाही कोणी असं म्हटलं असतं तर, असं काहीतरी त्यांच्या मनात घोळत होतं. ताईकडून त्यांनी तीन महिने मागून घेतले.

गावाबाहेर कालव्याच्या कडेला मोठं मैदान होतं. उजाडताना तिथे धुकं गुडघ्यापर्यंत असे, आणि कुत्री फिरवणारी माणसं त्यात तरंगत आल्यासारखी दिसत. पहिल्या दिवशी काकांनी मोजलं, ऐंशी पावलं. दुसरा कुत्रा त्याहून जवळ असला की भोंग्याला तुकडा दिसतच नसे. मग ते ऐंशी पावलांवर उभे राहू लागले, खिशात उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे घेऊन. हळूहळू त्यांना भोंगा वाचता येऊ लागला. भुंकण्याच्या कितीतरी आधी त्याचं तोंड मिटे, श्वास थांबे, पडका कान मुळाशी किंचित उचलला जाई. त्या क्षणी तुकडा पुढे केला की श्वास पुन्हा सुरू होई. धुकं, श्वास, तुकडा. कधीकधी काकांना वाटे, आपण अजून उठलोच नाही, अंथरुणातच आहोत.

चाळिसाव्या दिवशी एक मोकाट कुत्रा धुक्यातून थेट अंगावर आला. भोंगा पेटला. काकांचाही तोल गेला. त्यांनी दोराला हिसडा दिला आणि ओरडले, "गप्प बस!"

शब्द एकदाही अडला नाही. आलेला कुत्रा केव्हाच पळाला होता, पण भोंगा मात्र पोट जमिनीला टेकवून, नजर चुकवून पडला होता. ते अंग चोरणं काकांच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते तसेच ओल्या गवतात बसले आणि बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पुढचे चार दिवस मैदान बंद. दुकानामागच्या अंगणात ते गवतात तुकडे टाकत आणि भोंगा ते हुंगत शोधत राही. पाचव्या दिवशी पुन्हा सुरुवात झाली, शंभर पावलांवरून.

तेव्हाच गावच्या वाचनालयात काम करणाऱ्या एक बाई मैदानावर रोज दिसू लागल्या. त्यांची पांढरी कुत्री म्हातारी आणि निवांत होती. काकांचं काय चाललंय ते त्यांनी लांबूनच ओळखलं असावं.

"मी इथेच थांबू का?" त्या ओरडल्या.

आता उत्तरही ओरडूनच द्यायला हवं. "हो! थां... थांबा! उ... उद्या पण!"

"येते!"

तेवढ्या लांबून सगळ्यांचंच बोलणं तुटक होतं, म्हणून काकांचं वेगळं वाटत नव्हतं. मग दोघं एकाच दिशेने, समांतर चालू लागले. मधलं अंतर शंभरावरून साठ, साठावरून चाळीस, आणि थंडी सरता सरता वीस पावलं. ओरडून ओरडून ते शाईचे डाग, पुस्तकांची वाळवी, पांढरीचे गुडघे असं काहीबाही बोलत. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटे, यांचं कडाक्याचं वाजलंय.

ताईच्याही कानावर ते गेलं. हात मोकळा झाल्यावर ती मुद्दाम बघायला आली.

"अरे, भांडताय कशाला?"

"भां... भांडत नाही. दोर धर."

"मी? मला काय वेड लागलंय?"

पण तिने धरला, दोन्ही हातांनी. वीस पावलांवरून पांढरी चालली होती. भोंग्याचं तोंड मिटलं. ताईनेही श्वास रोखला. आणि मग त्याने मान वळवून सरळ ताईकडे पाहिलं.

"काय म्हणतोय हा?"

"तु... तुकडा मागतोय. दे."

ताईने दिला, मग आणखी एक दिला, आणि डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं करून पदराने पुसलं.

भोंगा काही सगळ्यांचा दोस्त झाला नाही. आठ पावलांच्या आत कोणी आलं की तो अजूनही उठून उभा राहतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याचा तेवढा स्वभाव समजा." आता दुपारी त्याला ताईच नेते. समोरून कुत्रा येताना दिसला की हात वर करते, "थांबा हो, आम्हीच पलीकडे जातो," म्हणते आणि रस्ता ओलांडते.