भाऊकाकांचं विलायतेतलं नक्त

मी विलायतेला जायला कल्याणच्या घरातून निघालो, तेव्हा माझं पाऊल अंगणाबाहेर पडायच्या आत भाऊकाकांनी उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द चाले आणि आळीतही त्यांचाच. वडील खाली मान घालून उभे राहिले. आई मात्र पदर सावरत काळ्या तलावापर्यंत माझ्यामागून आली. "विनू, पोचलास की खुशाली कळव. आणि पोटाला मारू नकोस रे," एवढंच म्हणाली.

समुद्र ओलांडला म्हणून तुम्ही आळीकरांनी मला वाळीत टाकलंत, त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. लंडनच्या एका दवाखान्यात नोकरी लागली, पावरोटीची सवय झाली, बुटांचीही झाली. पण काकांनी आईवडिलांना अट घातली: चारचौघांत म्हणा, आमचा मुलगा आम्हाला मेला. वडिलांनी म्हटलं. आई दाराआडून म्हणाली, "धडधाकट पोराला मेला कसं म्हणू, भावोजी?" तेव्हापासून कुणाचं लग्न असो की मुंज, बायकांच्या पंगतीत तिचं पान मांडत नाहीत. मागच्या पडवीत, गोठ्याशेजारी तिला एकटीला वाढतात. कल्याणकरांनो, तुम्ही सगळ्यांनी हे बघितलंय आणि बघत बघत श्रीखंड ओरपलंय.

मग काय झालं ते ऐका. काकांचा खाडीकाठच्या जमिनीचा दावा ठाण्याच्या कोर्टातून मुंबईला गेला आणि तिथून थेट विलायतेच्या अपिलात. आता स्वतःच जायचं म्हटल्यावर शास्त्र बरं वाकतं! त्यांच्या ओळखीच्या शास्त्रीबुवांनी तोड काढली: परत येईपर्यंत नक्त धरायचं. दिवसभर उपास, सूर्य मावळून चांदणी दिसली की आपल्या हातचं एकदाच जेवायचं. एवढं पाळलं की प्रायश्चित्त नको. आणि उतरायचं कुठे? तर मेलेल्या पुतण्याकडे! "कोणत्या दिवसांत यावं?" असं त्यांनी मला पत्रातून विचारलं. मी कळवलं, "उन्हाळ्यात या काका, हवा फार छान असते." खोटं काय सांगितलं?

शास्त्रीबुवांनी व्रत दिलं ते कल्याणचा सूर्य धरून. पहिल्याच संध्याकाळी काका आंघोळ करून, सोवळं नेसून खिडकीशी बसले. आपल्याकडे एव्हाना निरांजन लागून भात उतरला असता. इथे बाहेर टळटळीत उजेड, पोरं रस्त्यात खेळतायत. काका एकदा आकाशाकडे बघत, एकदा माझ्याकडे. उशिरा कधीतरी अंधारलं, तर वर ढग. चांदणी कसली दिसतेय! त्या दिवशी ते तसेच झोपले. मला मात्र फार दिवसांनी गाढ झोप लागली.

तीन-चार दिवसांत त्यांचा चेहरा उतरला. "अरे, हा मेला सूर्य मावळत का नाही?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांचीच पगडी मुठीवर घेतली आणि खिडकीकडे कलती धरून फिरवली. "पृथ्वी अशी कललेली फिरते, काका. उन्हाळ्यात तिची वरची बाजू सूर्याकडे झुकते. कल्याण इथे, मधल्या घेराजवळ, म्हणून आपल्याकडे दिवस थोडासाच वाढतो. लंडन इथे वर, शेंड्याकडे. फिरताना ते जास्त वेळ उजेडात राहतं. सूर्य उतरतो तोही तिरका, रेंगाळत, आणि मावळल्यावरही उजेड लवकर जात नाही."

"आणि हिवाळ्यात?"

"सगळं उलट. हिवाळ्यात आला असतात तर चहाच्या वेळेला जेवून मोकळे झाला असतात."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मी पगडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि माझ्यापुरता भात टाकला.

भाताचा वास सुटला तसा त्यांचा धीर सुटला. "विनू, तो पडदा ओढ रे. खोलीत काळोख झाला म्हणजे झालं. शास्त्राला तेवढं चालतं."

"तुम्हाला एवढं चालतं, काका. माझ्या आईला पंगतीत एक पान चालत नाही?"

काकांनी ताट पुढे ओढलं. मी उठलो आणि होता तो पडदाही पुरता बाजूला सारला. समोरच्या छपरावर ऊन होतं, त्यांच्या ताटातही आलं. काका जेवले. मी शिजवलेला भात, मी वाढलेला, सूर्याच्या साक्षीने. आईने कुणाच्या तरी हाती चोरून पाठवलेलं लिंबाचं लोणचं मी वाढलं, तर आणखी एक फोड मागून घेतली. लोणचं कोणाच्या हातचं ते त्यांनी विचारलं नाही. वर्षानुवर्षं खाल्लेली चव, विचारायची गरजच काय?

आता ते परतलेत. नक्त अखंड पाळलं म्हणून सांगत फिरतात आणि पंगतीत पहिल्या पाटावर बसतात, असं कानावर आलं. म्हणून हे लिहितोय, आणि आळीतल्या प्रत्येक घरात वाचलं जावं म्हणून लिहितोय. मला त्यांची दया येत नाही. खोटं वाटत असेल तर त्यांना देवासमोर उभं करून विचारा.

मला इथली माणसं विचारतात, तुझं घर कुठे? पूर्वी मी कल्याण सांगत असे. हल्ली काहीच सांगत नाही. येत्या लग्नसराईत ज्या दारी माझ्या आईचं पान चारचौघींच्या ओळीत मांडाल, ते दार माझं घर. आणि तिचं पान मांडायचं नसेल, तर काकांना पाटावरून उठवा. गोठ्याशेजारी जागा आहे.