माहेरी न येणारा खोकला

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. आमच्या घरात टांग्याचा घोडा माणसांपेक्षा मानाने राहायचा. वडील नाशिकरोड स्टेशनवरून यात्रेकरूंना पंचवटीत पोचवत. घोडा पडवीत, पडवीला लागून स्वयंपाकघर, आणि घोड्याला खरारा करायचं, त्याचं अंग घासायचं काम आईच्या गळ्यात. घोड्याच्या अंगावरून खरारा फिरू लागला की ती खोकायला लागे. दम लागेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दिवसभर छाती वाजत राही.

निफाडला माहेरी गेली की मात्र आठ दिवसांत खोकला गायब.

घर चालवायची ती माझी विधवा आत्या. एकदा तिने मला समोर बसवलं. "खरं सांग गं, तिकडे खोकते का तुझी आई?"

"आठ दिवसांनंतर एकदाही नाही," मी म्हणाले. खरं बोलल्याबद्दल गुळाचा खडा मिळाला. तो मी मिटक्या मारत खाल्ला, याची आजही लाज वाटते.

"बघ, कामाचा कंटाळा, दुसरं काय!" आत्या वडिलांना म्हणाली. वडील मान खाली घालून जेवत राहिले. त्या दिवसापासून आईचं खोकल्याचं औषध बंद झालं.

पुढे कित्येक वर्षांनी माझीही छाती तशीच वाजू लागली. डॉक्टरांनी विचारलं, जागा बदलली की बरं वाटतं का? मी हो म्हणाले. श्वासनळ्यांची जुनाट सूज आहे म्हणाले, आणि ती ॲलर्जीने चिघळते. कुणाला धुळीची, कुणाला जनावराच्या केसांची. ज्या उत्तरावर आई ढोंगी ठरली, त्याच उत्तरावर मला औषध मिळालं.

आईला तेव्हा असं विचारणारं कोणी नव्हतं. औषध बंद झाल्यानंतरच्या दिवाळीत निफाडला ती चांगली हसत-बोलत होती. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला ओट्यावर बोलावलं, पदर तोंडाला लावला आणि खोकली. कोरडं, ओढूनताणून. माझ्याकडे बघत पुन्हा खोकली.

"ऐकलंस ना? घरी गेल्यावर आत्याला सांग."

मी सांगितलं.

"म्हणजे खरंच आजारी आहे की बाई," म्हणत आत्याने त्याच संध्याकाळी अडुळशाचा काढा उकळायला ठेवला. आईने तो घेतला, आणि सकाळी खरारा उचलून पडवीत गेली.