अंदाजेबाई आणि किल्लीवाल्याची मुलगी

गल्लीत त्यांना अंदाजेबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठ वळल्यावर. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात त्या सोनोग्राफी करतात. पोटातलं बाळ जेमतेम शेंगदाण्याएवढं असताना ते कधी राहिलं असेल, हे सांगणं त्यांचं काम. पण सांगताना एकच एक दिवस म्हणून कधी तोंडातून निघत नाही. 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, अंदाजे.' सवय अंगात इतकी मुरलेली, की लग्नाला किती वर्षं झाली विचारलं तरी म्हणतात, 'साधारण वीस.' नवरा बिचारा पेपरात तोंड खुपसून बसतो.

गल्लीतल्या बायकांना हे मुळीच पटत नाही. कुणाला दिवस गेले रे गेले, की यांची बोटांवर मोजणी सुरू, आणि त्या मोजणीला यंत्राचं शिक्कामोर्तब हवं असतं. एवढं मोठं यंत्र आणि साधी तारीख सांगता येत नाही, म्हणजे काय?

त्यांची सगळ्यांत जास्त खेचायचा तो त्यांच्या इमारतीखालचा किल्लीवाला. "ताई, मी किल्ली अंदाजे घासली तर लोक रात्रभर जिन्यात बसतील हो."

"तुमचं कुलूप आहे तेवढंच राहतं," अंदाजेबाई म्हणायच्या. "माझ्याकडचं रोज वाढतं."

मग एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता किल्लीवाला गेला. दुकान मुलीनं हातात घेतलं. लग्न होऊन जवळच राहणारी, बापासारखीच हाताची पक्की. दीड महिन्यानं तीच दवाखान्यातल्या टेबलावर आडवी झाली होती. तिच्या पाळीचा कधीच भरवसा नसायचा, त्यामुळे तारखेवरून काही लागेना. म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफीला पाठवलेलं.

"मावशी, मला एकच सांगा," ती म्हणाली. "बाबा होते तेव्हा हे होतं का?"

"का गं?"

"नातवंड, नातवंड करायचे. मी आपली दर वेळी म्हणायचे, बघू पुढच्या वर्षी. निदान एखादा दिवस तरी दोघं एकाच वेळी..."

अंदाजेबाईंनी पडद्यावर बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली. मग पुन्हा मोजली. मग उगाचच आणखी एकदा. एवढ्या लहानपणी सगळी बाळं जवळपास एकाच चालीनं वाढतात. कुणी आजोबांसारखं धिप्पाड व्हायचं, कुणी मामासारखं काटकुळं, ते सगळं पुढे. म्हणून माप घ्यावं ते याच दिवसांत.

"आठ आठवडे," त्या म्हणाल्या.

मुलगी कोपरावर उठलीच. "म्हणजे होतं. बाबांना जाऊन सहाच झालेत. चांगलं दोन आठवडे होतं."

इथे गप्प बसणं फार सोपं होतं. गल्लीतली कुठलीही बाई गप्प बसली असती, आणि वर पुण्य केलं म्हणून वर्षभर मिरवली असती. अंदाजेबाईंनी पोट पुसायचा कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"पड जरा. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून धरायची रीत आहे. पाळी लक्षात नसली तरी हिशेब त्याच रीतीनं लावतात. त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात कुणीच नसतं. ते नुसते कागदावरचे."

"मग सहा."

"सहा. चारपाच दिवस अलीकडे, नाहीतर चारपाच दिवस पलीकडे."

"आणि बाबा गेले तो दिवस?"

"मधोमध येतो."

"मग होतं की नव्हतं?"

"ते मला सांगता येत नाही गं. यंत्रालाही नाही."

मुलीनं कपडे सारखे केले. "एकदा तरी नुसतं हो म्हणाला असतात, तर काय बिघडणार होतं?"

"काही नाही. पण उद्या मी बाळ छान आहे म्हटलं असतं, तर तू ते कशाच्या भरवशावर मानलं असतंस?"

ती निघून गेली. पुढे बरेच दिवस अंदाजेबाई जाता-येता दुकानाकडे बघायच्या, आणि मुलगी कुलपात डोकं घालून बसायची. गल्लीनं यावर तीन निरनिराळ्या गोष्टी रचल्या. तिन्ही खोट्या, पण रंगतदार.

शेवटी अंदाजेबाईच घराची किल्ली घेऊन दुकानापुढे उभ्या राहिल्या. घरात आधीच चार किल्ल्या होत्या. वरच्या गॅलऱ्यांमध्ये केव्हाच वाळलेले कपडे पुन्हा झटकले जाऊ लागले.

मुलीनं किल्ली घेतली. बराच वेळ कानस चालली. मग मान वर न करता ती म्हणाली, "नव्हतंच, असं म्हणता येईल तुम्हाला?"

"नाही."

"डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही."

"माझ्या सासूबाईंना?"

"त्या काय वाट्टेल ते म्हणतील. पण माहीत त्यांनाही नसणार."

मुलीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिनं ते बाहीनंच पुसले. "पुन्हा एकदा म्हणा ना."

"नव्हतंच, असं कुणालाही म्हणता येणार नाही."

तिनं किल्लीवर फुंकर मारली, दाते अंगठ्यानं चाचपले आणि किल्ली अंदाजेबाईंच्या हातावर ठेवली.

"लागेल ना नीट?" त्यांनी विचारलं.

"अंदाजे," किल्लीवाल्याची मुलगी म्हणाली.