वहिनीचा दुहेरी सोमवार

पासष्टच्या लढाईत बाहेरच्या देशांनी मदतीचा हात आखडता घेतला आणि कानडी मुलखातल्या आमच्या राजाजीनगरच्या घरातली चूल सोमवारी बंद झाली. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे मला त्या शाळकरी वयात कळलं नाही, आणि खरं सांगू? आजही धड कळलेलं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, यंत्रांच्या कारखान्यात होते. परदेशातून येणारे सुटे भाग थांबले होते, गव्हाचीही खात्री राहिली नव्हती. पंतप्रधानांनी देशाला सांगितलं, सोमवारी संध्याकाळी जेवू नका, कुणापुढे हात पसरायला नको. अण्णांनी मान डोलावली. "सरी, ठीक आहे. सोमवारी रात्री आपल्याकडे चूल पेटायची नाही."

"पण अण्णा, आपण गहू खातो कुठे? आपलं तर भात आणि नाचणीचे रागीमुद्दे!"

"आपण भात कमी खाल्ला की तो दुसऱ्याला मिळतो. मग त्याला गहू कमी लागतो."

हा दुसरा कोण, आणि आमचा भात त्याच्याकडे पोचवणार कोण? डोक्याचा नुसता भुगा झाला माझ्या.

त्यात वहिनीला सातवा महिना. पहिलं मूल सातव्यातच गेलं होतं, म्हणून या खेपेला तिने सोमवार धरले होते. आमच्याकडे सोमवार दिवसभर करायचा आणि दिवेलागणीनंतर जेवून सोडायचा. नेमकं तेव्हाच देशासाठी जेवायचं नाही! आईला वाटलं, ही दुपारीच काहीतरी खाऊन घेत असेल. वहिनीला वाटलं, दिवे लागायच्या आधी खाल्लं तर व्रत मोडतं, नंतर खाल्लं तर मामंजींचा शब्द मोडतो. दोघी एकमेकींशी याबद्दल काही बोलल्या नाहीत. ही बाई रविवारी रात्री जेवायची ती थेट मंगळवारी सकाळी.

असे दोन सोमवार गेले. तिसऱ्याला ती देवापुढे निरांजन लावता लावता खाली बसली आणि उठेचना. ओठ पांढरेफटक. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, खरं काय ते विचारून घेतलं आणि अण्णांवर कडाडली, "ते सुटे भाग उद्या तुम्ही इथे करालही हो! हे मूल गेलं तर कुठल्या कारखान्यात करणार?" मी तर भोकाडच पसरलं.

अण्णा उठून चूल पेटवायला गेले. जन्मात कधी पेटवली नव्हती, घरभर धूर केला. शेवटी आईनेच मऊ भात टाकला. अण्णा सुनेशी कधी थेट बोलत नसत, सगळे निरोप आईच्या तोंडून. पण ताट त्यांनी स्वतः नेऊन तिच्यापुढे ठेवलं.

"जेव, बाळ."

वहिनीने हात मागे घेतला. "मग देशाचं, मामंजी?"

अण्णा गोंधळून आईकडे बघायला लागले. आईने तोंड फिरवलं.

"तुझ्या वाटचं मी मंगळवारी करतो," ते म्हणाले. "तू जेव. स्वल्प तरी."

तिने चार घास खाल्ले. मग एकदम थांबली, पोटावर हात दाबून धरला आणि रडायलाच लागली.

"हललं, मामंजी. सकाळपासून हललं नव्हतं."